सुरक्षा समितीच्या प्रशिक्षणाआधी काय काय तयार हवे

रासायनिक कारखान्यातल्या सुरक्षा समितीच्या सदस्यांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे ठरले, की पहिली धावपळ सुरू होते ती व्याख्याता, फलक आणि जेवण यांची. या तिन्ही गोष्टी आठवडाभरात जमतात. वेळ लागतो तो कारखान्याच्याच दप्तरातले कागद बाहेर काढायला, शिफ्टमधून माणसे मोकळी करून घ्यायला आणि जिथे खरोखर धोका आहे ती जागा सदस्यांना नेऊन दाखवायला. म्हणून ही यादी किमान महिनाभर आधी हातात घ्यावी. समितीचा सचिव, म्हणजे बहुतेक ठिकाणी सेफ्टी ऑफिसर, ही तयारी करणार आहे असे धरून ती लिहिली आहे.

सर्वांत आधी समिती कागदावर कशी आहे ते पाहावे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४१-जी प्रमाणे, जिथे धोकादायक प्रक्रिया चालते किंवा घातक पदार्थ हाताळले जातात तिथे कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समान संख्येच्या प्रतिनिधींची समिती असावी लागे. अध्यक्षपदी स्वतः निर्णय घेऊ शकेल असा वरिष्ठ अधिकारी, सचिवपदी सेफ्टी ऑफिसर, सोबत कारखान्याचे डॉक्टर, उत्पादन, मेंटेनन्स आणि खरेदी या विभागांचा प्रत्येकी एक माणूस, आणि कामगारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी, अशी तिची मांडणी आपल्याकडे रूढ आहे. यातले खरेदी विभागाचे नाव प्रशिक्षणाच्या यादीतून हटकून गळते, आणि ते गळू देऊ नये असे माझे ठाम मत आहे. टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटपुढे, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवापुढे, नायट्राइल रबराचा पातळ हातमोजा फार वेळ टिकत नाही, हे ड्रमपाशी उभ्या असलेल्या कामगाराला ठाऊक असते. पण मोजा कोणता यायचा हे खरेदीच्या टेबलावर ठरते, आणि तिथल्या माणसाने तो मोजा फुगून मऊ पडलेला कधी पाहिलेलाच नसतो. कामगारांचे प्रतिनिधी खरोखर निवडून आलेले आहेत की कार्यालयाने नोटिशीवर परस्पर नावे टाकली आहेत, हेही याच वेळी स्पष्ट करून घ्यावे, कारण नेमलेला माणूस वर्गात मान डोलावतो आणि बैठकीत गप्प बसतो.

कायद्याचे पत्रक एका पानाचे असावे आणि त्यात सदस्याला उद्या उपयोगी पडेल तेवढेच असावे. जुन्या अधिनियमाच्या कलम ४१-एच प्रमाणे, जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे अशी रास्त शंका असेल तर कामगार ती थेट किंवा समितीतल्या आपल्या प्रतिनिधीमार्फत भोगवटादाराच्या (कारखान्याचा अंतिम ताबा असलेल्या व्यक्तीच्या), व्यवस्थापकाच्या किंवा त्या जागेच्या प्रमुखाच्या कानावर घालू शकत असे, आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकालाही कळवू शकत असे. व्यवस्थापनाने त्यावर लगेच उपाय करायचा असे. असा धोका नाही असे व्यवस्थापनाला वाटत असेल, तर प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावे लागे. कलम १११-ए ने कामगाराला सुरक्षिततेविषयीची माहिती आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्क दिला होता. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू गळल्यानंतर, १९८७ च्या दुरुस्तीने ही कलमे कायद्यात आली, एवढे एक वाक्य पत्रकात असले तरी ती कुणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाहीत हे सदस्यांच्या लक्षात येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आहे आणि तिने कारखाने अधिनियमाची जागा घेतली आहे. तिच्या कलम २२ मध्ये सुरक्षा समितीची तरतूद असून कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत असे तिथे म्हटले आहे, आणि तातडीचा धोका कळवण्याचा हक्क त्या संहितेतही आहे. तेव्हा गेल्या वर्षीचे पत्रक तसेच पुन्हा छापू नये. राज्याचे आज लागू असलेले नियम कोणते, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या आपल्या भागातल्या कार्यालयातून पडताळून मगच मजकूर पक्का करावा.

शिफ्टचे वेळापत्रक पंधरा दिवस आधी टाइम ऑफिसला लेखी द्यावे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी नऊ वाजता वर्गात बसवणे म्हणजे त्याची झोप आणि आपला वेळ दोन्ही वाया घालवणे आहे. त्याला आदल्या रात्री मोकळे ठेवावे आणि प्रशिक्षणाचे दोन्ही दिवस कामावरची हजेरी म्हणून पगारी धरावेत, आणि हे तोंडी आश्वासन न राहता नोटिशीत लिहिलेले असावे. प्रतिनिधीच्या जागी बदली माणूस कोण उभा राहणार, तेही सुपरवायझरकडून नावानिशी घ्यावे. नाहीतर दुपारच्या चहाच्या सुट्टीनंतर रिॲक्टरवर माणूस नाही म्हणून बोलावणे येते आणि खुर्ची रिकामी होते. कंत्राटी कामगारांतूनही काही जण बोलवावेत. टाकी धुणे, ड्रम हलवणे, पत्र्यावर चढणे ही कामे बहुतांशी त्यांच्याच वाट्याला येतात, आणि समितीच्या यादीत त्यांचे नाव नसले तरी निमंत्रित म्हणून बसवायला कुणाची हरकत नसावी. त्यांच्यातले बरेच जण हिंदी, भोजपुरी किंवा ओडिया बोलणारे असतील, तर पत्रक मराठीबरोबर हिंदीतही काढावे आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते शेजारी बसून समजावून सांगणारा सहकारी आधीच ठरवावा.

यानंतर कागद. माझ्या मते अर्धे प्रशिक्षण इथेच होते. अपघात नोंदवहीतल्या मागच्या तीन वर्षांच्या नोंदी, प्रथमोपचार केंद्राची वही, थोडक्यात टळलेल्या घटनांचे अहवाल, समितीच्या मागच्या चार बैठकांची इतिवृत्ते, हवेतल्या वायूंच्या आणि आवाजाच्या मोजमापांचे अहवाल आणि वर्क परमिटची, म्हणजे धोक्याच्या कामाआधी घ्यायच्या लेखी परवानगीची, भरलेली पुस्तके, हे सगळे एका जागी गोळा करावे. अपघात नोंदवहीपेक्षा प्रथमोपचाराची वही जास्त बोलते, कारण ४८ तासांपेक्षा कमी काळ कामाबाहेर राहावे लागलेली दुखापत सरकारदरबारी कळवली जात नाही, पण डोळ्यात शिंतोडा उडाला म्हणून एकाच विभागातून महिन्यात पाच जण येऊन गेले असतील तर ते त्या वहीत असतेच. नोंदींतली नावे झाकून, फक्त विभाग, वेळ, काम आणि दुखापत असा तक्ता करून सदस्यांना द्यावा. आरोग्य तपासणीच्या बाबतीत तर हे पथ्य कडक पाळावे: कोणाला काय निघाले हे समितीचे काम नाही, पण एका विभागातल्या किती जणांचे ऐकू येणे कमी होत चालले आहे हे कळणे समितीचे काम आहे. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे; कंप्रेसर खोलीचे मोजमाप त्याच्या शेजारी मांडले म्हणजे सदस्यांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

परमिटची पुस्तके मात्र निवांत बसून चाळावीत आणि त्यातली पाच-सहा पाने सरावासाठी काढून ठेवावीत. एखादे पान असे सापडतेच, की ज्यावर टाकीत उतरण्याचे काम साडेअकराला सुरू झाल्याचे लिहिले आहे, वायू तपासणीची वेळ मात्र आठची आहे, आणि ऑक्सिजनच्या रकान्यात आकड्याऐवजी नुसते ‘ओके’ आहे. देणारा, घेणारा आणि तपासणारा या तिघांच्या रकान्यांतली वेळ एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात भरलेली असते. असे पान सदस्यांच्या हाती द्यावे, सह्या झाकाव्यात आणि यात काय चुकले ते त्यांनाच शोधू द्यावे. ज्याने सही केली त्याला वर्गात उघडे पाडण्याचा मोह टाळावा, कारण पुढच्या वेळी पुस्तकच गायब होते.

याच पानाला जोडून बंदिस्त जागेचा सराव ठेवावा. सदस्यांना निदान एवढे आकडे पाठ असावेत, की साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि १९.५ टक्क्यांच्या खाली आला तर आत उतरायचे नाही, की हायड्रोजन सल्फाइडची आठ तासांची मर्यादा १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) आहे, आणि टाकीत हातात धरून नेण्याचा दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा चालत नाही. मापन आधी ऑक्सिजनचे, मग ज्वालाग्राही वायूचे आणि शेवटी विषारी वायूचे, कारण नेहमीच्या मीटरचा ज्वालाग्राही वायू मोजणारा सेन्सर पुरेसा ऑक्सिजन नसेल तर खरा आकडा दाखवत नाही. मीटरची नळी टाकीत वर, मधे आणि तळाशी अशी तिन्ही ठिकाणी सोडायची. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्याचा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणून माणूस आत जातो. त्याच्या मागोमाग त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि सांडपाण्याच्या टाक्यांतल्या कितीतरी दुर्घटनांत मृतांची संख्या एकावरून तीनवर गेली ती याच मदतीच्या धावपळीत. म्हणून तिवई, विंच, कंबरपट्टा आणि श्वसनयंत्र प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी स्टोअरमधून काढून, सिलिंडरचा दाब बघून, जागेवर नेऊन ठेवावे. रिकाम्या आणि उघड्या जागी सराव करावा. खऱ्या टाकीत कुणालाही उतरवू नये.

प्लांटच्या फेरीचा मार्ग आधी एकट्याने चालून ठरवावा. सगळा कारखाना दाखवण्याचा आग्रह धरला की फेरी सहल होते, तेव्हा तीन किंवा चार जागा पुरेत. सॉल्व्हंट ड्रममधून उपसण्याची जागा त्यात नक्की असावी. तिथे स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून अर्थिंगची वायर असते, चिमटाही लावलेला असतो, पण तो ड्रमच्या रंगावर बसलेला असतो. दाते रंग फोडून पत्र्यापर्यंत पोहोचलेलेच नसतात. सदस्याने खाली वाकून चिमटा उघडावा, दात्यांखालचा रंग शाबूत आहे की खरवडला आहे ते स्वतः पाहावे, आणि इलेक्ट्रिशियनने मीटर लावून तो जोड खरा की दिखाऊ ते दाखवावे, यासाठी त्या दिवशी इलेक्ट्रिशियन फेरीत हवा. दुसरी जागा आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याचे बेसिन. आम्ल किंवा अल्कली डोळ्यात गेल्यास निदान पंधरा मिनिटे पाणी मारावे लागते. एप्रिल-मेमध्ये छपरावरून आलेल्या उघड्या पाइपातले पाणी इतके तापलेले असते की तिथे कुणी पंधरा सेकंदही उभा राहणार नाही. प्रशिक्षण त्या महिन्यांत असेल तर दुपारी दोन वाजता नळ उघडून बघावे. पावसाळ्याआधी असेल तर छपराचे सिमेंट पत्रे हाही मुद्दा घ्यावा, कारण गळती बुजवायला ठेकेदाराची माणसे याच सुमाराला वर चढतात आणि पत्र्यावर आडव्या फळ्या टाकल्याशिवाय पाय ठेवला तर पत्रा तुटून माणूस थेट खाली येतो. फेरीत प्रत्येक सदस्याला एकच प्रश्न लिहिलेला कागद द्यावा: इथला धोका मुळातून काढता येईल का, नाहीतर कमी घातक पदार्थ किंवा यंत्राची सोय करून रोखता येईल का, की फक्त हेल्मेट आणि हातमोज्यावर भागवायचे आहे? उत्तरांत हातमोजे सर्वांत आधी येतात. मग त्या सदस्याला पुन्हा पहिल्या पायरीकडे न्यायचे, हे प्रशिक्षकाशी आधी बोलून ठेवावे.

प्रशिक्षक निवडताना शीव येथील केंद्रीय श्रम संस्था किंवा नवी मुंबईतील राष्ट्रीय सुरक्षा परिषद यांच्याकडे चौकशी करता येते. माणूस कुठूनही येवो, त्याला वरचे सगळे कागद आठ दिवस आधी पाठवावेत आणि प्रशिक्षणाच्या आधी एकदा प्लांट दाखवावा. जो याला तयार होत नाही, त्याची पडद्यावरची चित्रे कितीही देखणी असली तरी तो आपल्या कामाचा नाही. खोली, पंखे, पाणी, खुर्च्या यांची व्यवस्था कॅन्टीनच्या माणसाकडे सोपवावी. खुर्च्या मात्र अर्धगोलात मांडाव्यात आणि अधिकाऱ्यांची वेगळी पहिली रांग ठेवू नये.

पहिल्या दिवशी तासभर फक्त कामगार प्रतिनिधींसाठी राखून ठेवावा, आणि त्या वेळी व्यवस्थापनाच्या सदस्यांनी दुसऱ्या खोलीत आपापल्या विभागाचे प्रलंबित ठराव तपासावेत. ‘साहेब, तिकडे बघा जरा’ एवढ्यावर थांबणारी तक्रार इतिवृत्तात उतरतच नाही. ‘दोन नंबर रिॲक्टरच्या मॅनहोलची गॅस्केट गळते, दुसऱ्या पाळीत चार्जिंगच्या वेळी वास येतो, मागच्या सोमवारपासून, शिफ्ट इन्चार्जला दोनदा सांगितले’ ही तक्रार उतरते आणि तिला उत्तरही द्यावे लागते. या तासात प्रत्येकाने आपल्या विभागातली एक तक्रार अशी लिहून काढावी. कोऱ्या कागदाच्या गठ्ठ्याबरोबर इतिवृत्ताचा नमुनाही द्यावा, ज्यात मुद्दा, जबाबदार व्यक्तीचे नाव, तारीख आणि पूर्ण झाल्याची खात्री कुणी केली, असे चार रकाने असतील. ‘प्रगतिपथावर’ हा शब्द त्या नमुन्यात चालणार नाही असे अध्यक्षांनी स्वतः सांगितले तर उत्तम.

समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायलाच हवी, पण प्रशिक्षणानंतरची पहिली बैठक पंधरा दिवसांच्या आत ठेवावी आणि तिची तारीख प्रशिक्षणाच्या निमंत्रणपत्रातच छापावी. फेरीतले कागद आणि त्या तासात लिहिलेल्या तक्रारी हाच तिचा विषय असेल, म्हणून मेंटेनन्स प्रमुखांनी त्या दिवशी सुट्टी घेऊ नये, अशी विनंती अध्यक्षांच्या सहीने आधीच पाठवावी. ठरावांची प्रत लावण्यासाठी कॅन्टीनमधल्या फलकाची जागा, आणि तो फलक कुलपात असेल तर त्याची किल्ली, समितीतल्या कामगार प्रतिनिधीकडे द्यावी. प्रमाणपत्रे छापायचीच असतील तर ती त्या बैठकीत वाटावीत, प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नव्हे.