आठवी ते दहावीच्या मुलांसाठी रविवारचा विज्ञान आणि डावपेचांचा वर्ग कसा चालवायचा

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना शाळकरी मुलांना रविवारी दोन तास काहीतरी हाताने करायला द्यायचंय, पैसे घ्यायचे नाहीयेत आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. शिक्षक असण्याची गरज नाही. इंजिनिअरिंगची मुलं, आयटीआयवाले, रिटायर झालेले बँकवाले, गल्लीतला इलेक्ट्रिशियन, सगळे चालतात, फक्त एक नियम सगळ्यांनी पाळायचा: आधी मुलाचा अंदाज, मग मुलाचे हात, आणि आपलं बोलणं सगळ्यात शेवटी. बाकी सगळं थोडंफार इकडेतिकडे झालं तरी चालतं, हे मात्र नाही.

आधी जागा आणि परवानगी

शाळेचा एक वर्ग, समाजमंदिर, सोसायटीचा हॉल, वाचनालयाची वरची खोली, काहीही चालेल, पण पाणी आणि टॉयलेट हवंच, त्यातून मुलींसाठी तर नक्कीच हवं. शाळा असेल तर मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, पालकांकडून सही आणि फोन नंबर घ्या. खोलीत कायम दोन मोठी माणसं असली पाहिजेत, एकटा व्हॉलंटियर मुलांसोबत दार लावून कधीच नाही, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगून टाका म्हणजे पुढे कोणाला वाईट वाटत नाही. वेळ सकाळची ठेवा. संध्याकाळी ठेवलात तर अंधार पडायच्या आत घरी जायचं म्हणून मुली अर्ध्यातून उठतात, नाहीतर घरचे पाठवतच नाहीत.

मुलं जास्तीत जास्त १६ जणच घ्या. चार-चारच्या चार टोळ्या करा. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, त्यात सरकारी शाळेतली मुलं अशीच टोळ्यांमध्ये बसून स्वतः प्रयोग करायची आणि परीक्षासुद्धा पुस्तक उघडं ठेवून द्यायची, त्यामागे मोठमोठ्या संस्थांमधले शास्त्रज्ञ स्वतःहून येऊन राबले होते. आपल्याकडचे विज्ञान-खेळणीवाले अरविंद गुप्ता यांचं कामही तिथूनच फुललं. त्यांच्या वेबसाइटवर टाकाऊतून बनवायच्या शेकडो खेळण्यांची माहिती फुकट आहे, मराठीतही आहे, प्रयोग शोधायला तिथूनच सुरुवात करा.

सामान

मॉलमधले सायन्स किट घेऊ नका, त्यात सगळं कापून-मापून आलेलं असतं आणि मुलाला विचार करायला काही उरतच नाही. सुतळी, नट-बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून, तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून (तुकडे मागितले तर बहुतेक वेळा तसेच देतात), लोहचुंबक भंगारातल्या जुन्या स्पीकरमधून, बाकी किराणा दुकानात. म्हणजे मुलाला घरी जाऊन तोच प्रयोग परत करावासा वाटला तर सामान गावातच मिळतं, आणि तो करतोच.

काय करायचं नाही तेही आत्ताच सांगते: घरच्या २३० व्होल्टच्या प्लगला काहीही जोडायचं नाही, ॲसिड आणायचं नाही, सूर्याकडे दुर्बिणीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही.

पहिला रविवार: लंबक

पहिल्या दिवशी लंबकच घ्या. पुस्तकात आहे, मुलांनी पाठ केलाय, पण हाताने जवळपास कोणीच केलेला नसतो. एक मीटर सुतळी, खाली एक नट, टेबलाच्या कडेला बांधायचा. मोबाइलचं स्टॉपवॉच.

फळ्यावर प्रश्न लिहा: नटाऐवजी दुप्पट वजन लावलं तर लंबक जोरात झुलेल, हळू झुलेल की तसाच? प्रत्येकाने वहीत उत्तर लिहून खाली सही करायची, मग दोरी हातात. सही करायला लावायची म्हणजे मागाहून "मला माहीतच होतं" म्हणता येत नाही. यात मुलांना लाजवायचा हेतू अजिबात नाही, चुकलेला अंदाज हाच दिवसभरातला सगळ्यात कामाचा कागद असतो आणि ते तुम्ही तोंडाने सांगायलाही पाहिजे.

आता मजा इथे होते. काही टोळ्या दुसरा नट पहिल्याच्या खाली लोंबता बांधतात, वेळ वाढते, आणि ते जाहीर करतात की वजनाने फरक पडतो. लगेच चूक दाखवू नका!! शेजारच्या टोळीचा आकडा वेगळा आलेला असतो, दोन्ही टोळ्यांना एकमेकांची दोरी बघायला पाठवा, पाच मिनिटांत कोणीतरी ओरडतं की अरे तुमची लांबीच वाढलीय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम असा त्यांनाच सापडतो, फळ्यावर लिहून दिला असता तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

मग लांबी. एक मीटरला १० फेऱ्या (जाऊन परत आलं की एक फेरी) साधारण २० सेकंदांत होतात. विचारा, दोरी पाव केली, २५ सेंटिमीटर, तर १० फेऱ्यांना किती? जवळजवळ सगळे ५ लिहितात. येतात १०. इथे वर्ग एकदम गप्प होतो आणि मग परत-परत मोजायला लागतो, त्यांना मोजू द्या. वर्गमूळ हा शब्द त्यांच्याच तोंडून यायला वेळ लागला तर लागू दे, पुढच्या रविवारी येईल. फक्त लंबक फार लांब ओढून सोडू नका, छोट्या कोनातच हे गणित नीट बसतं, आणि लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजायची.

पुढचे रविवार

मोटर नक्की करा. मार्करवर दहाएक वेढे घेऊन तारेची रिंग, एक साधा दीड व्होल्टचा सेल, त्याच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना, पिनांच्या भोकांत रिंगची दोन टोकं, रिंगखाली चुंबक. या तारेवर लाखेसारखा थर असतो तो घासून काढावा लागतो, पण एका टोकाचा पूर्ण आणि दुसऱ्या टोकाचा फक्त अर्ध्या बाजूचा. हे आधी सांगू नका. दोन्ही टोकं पूर्ण घासली की रिंग जागच्या जागी थरथरते, अर्धं घासलं की फिरते, का ते शोधायला अर्धा तास द्या. अर्धा फेरा करंट, अर्धा फेरा बंद, एवढंच आहे ते. सेल जोडून तसाच ठेवायचा नाही, तापतो.

हळद-चुना, जास्वंदीच्या पाकळ्या आणि लिंबू यावर एक रविवार सहज जातो, हळदीचा कागद साबणाने लाल आणि लिंबाने परत पिवळा होतो हे घरातल्या डागांमुळे मुलांना अर्धवट माहीत असतंच, त्यामुळे त्यावर मी जास्त लिहीत नाही.

दुसरा तास: डावपेच

अनेक लोक विचारतात की विज्ञानाच्या वर्गात खेळ कशाला. कारण मोटरीत जे डोकं लागतं तेच इथे लागतं: अंदाज करा, खेळून बघा, एक गोष्ट बदला, परत खेळा. आणि जी मुलं विज्ञान म्हटलं की मागच्या बाकावर जातात ती इथे पुढे येतात.

सुरुवात २१ काड्यांनी. दोघं जण, आळीपाळीने १, २ किंवा ३ काड्या उचलायच्या, शेवटची काडी उचलेल तो जिंकला. दहा-पंधरा मिनिटं नुसतं खेळू द्या. मग म्हणा, आता शेवटाकडून मागे या. समोरच्यासाठी ४ काड्या ठेवल्या तर काय होतं? तो काहीही उचलू दे, उरलेल्या तुम्ही उचलता. मग ८, मग १२. म्हणजे पहिल्याने एकच काडी उचलून २० ठेवायच्या आणि पुढे समोरच्याच्या काड्या आणि आपल्या मिळून चार होतील असं बघायचं, झालं. हे कळलं की लगेच नियम बदला: जास्तीत जास्त दोनच उचलायच्या. आता २१ काड्यांना पहिला खेळणारा हरतो (समोरच्याला जमत असेल तर), कारण २१ ला तीनने भाग जातो. हे मुलांना स्वतः सापडू दे, प्लीज.

नंतर नवकंकरी आणि वाघ-बकरी. खडूने जमिनीवर पट आखायचा, सोंगट्यांना चिंचोके नाहीतर खडे. आजीला विचारून या म्हणून सांगितलं तर घराघरांतले वेगवेगळे नियम येतात आणि कुठल्या नियमाने वाघ जड जातो यावर पूर्ण तास भांडण होतं, चांगलं भांडण.

मोठ्या मुलांसाठी पत्त्यांचा खेळ. प्रत्येकाकडे एक लाल, एक काळा पत्ता, दोघांनी एकदम दाखवायचे. दोघांचे काळे तर प्रत्येकी ३ गुण, दोघांचे लाल तर प्रत्येकी १, एकाचा लाल एकाचा काळा तर लालवाल्याला ५ आणि काळ्याला शून्य. किती डाव आहेत ते मात्र सांगू नका, नाहीतर शेवटच्या डावाला सगळे लाल टाकतात. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सलरॉड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने याच खेळाची कॉम्प्युटर प्रोग्रामांमध्ये स्पर्धा लावली होती, मोठमोठे चलाख प्रोग्राम आले आणि जिंकला अनातोल रॅपोपोर्ट या प्राध्यापकाचा सगळ्यात छोटा प्रोग्राम: सुरुवात काळ्याने, मग समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच आपण करायचं. जशास तसं, पण पहिला हात पुढे आपला. आधी मुलांकडून प्रत्येकाची रीत लिहून घ्या, वर्गातच स्पर्धा घ्या, ही गोष्ट त्यानंतर सांगा.

टोळीत कोण काय करतं ते बघत राहा

पाना-स्क्रूड्रायव्हर मुलगा घेतो आणि वही मुलीच्या हातात येते, दर वेळी, कोणी मुद्दाम करत नाही पण होतं. म्हणून दर २० मिनिटांनी कामं बदलायची: मोजणारा, बांधणारा, लिहिणारा, प्रश्न विचारणारा. शिट्टी वाजवून बदला. व्हॉलंटियरलाही तोच नियम, हात मागे बांधून उभं राहायचं. मुलाचं अडलं की त्याच्या हातातून तार घेऊन आपण करून द्यावीशी वाटते, विशेषतः इंजिनिअर लोकांना, तिथे दोन पावलं मागे सरका आणि विचारा, "तुला काय वाटतं, कुठे अडतंय?"

मार्क, नंबर, बक्षीस काही ठेवू नका. शाळेत आठवडाभर तेच चालू असतं.

मुलं टिकवायची कशी

दहावीची मुलं दिवाळीनंतर क्लास आणि सराव परीक्षांमुळे गळतात, ते गृहीत धरा आणि आठवी-नववीची जास्त घ्या. वर्षभराचा मोठा प्लॅन करण्यापेक्षा सहा रविवारांचा एक भाग ठेवा, मग सुट्टी, मग पुढचा भाग. व्हॉलंटियरही सहा रविवारांचा शब्द पाळू शकतात, वर्षाचा नाही. सहाव्या रविवारी तुम्ही काही शिकवायचंच नाही, प्रत्येक टोळीने एक प्रयोग किंवा खेळ सहावी-सातवीच्या मुलांना करून दाखवायचा, आणि त्यांनाही तोच नियम: आधी त्या छोट्यांचा अंदाज वहीत लिहून घ्यायचा, सहीसकट.