पेनड्राइव्हवर म्युझिक प्लेअर घेऊन फिरताय? या चुका टाळा

आपल्याकडं, बेळगाव शहर असू दे, खानापूरकडची गावं असू देत नाहीतर निपाणी-चिकोडी, कार्यक्रमाची गाणी कधीच एका ठरलेल्या कॉम्प्युटरवर वाजत नाहीत. गणपतीत मंडळाचा लॅपटॉप, सप्ताहात कुणाच्यातरी पोराचा, गॅदरिंगला शाळेच्या लॅबमधला जुना पीसी आणि शिवजयंतीच्या चित्ररथावर साऊंडवाल्याकडं जे असेल ते. गाणी आपली, मशीन दुसऱ्याचं. म्हणून प्लेअरसुद्धा पेनड्राइव्हवरच ठेवायचा हा विचार एकदम बरोबर आहे, पण निवडताना लोक बघतात काय, तर किती एमबीचा आहे आणि स्किन कसली भारी आहे. माझ्या मते बघायची गोष्ट एकच, अनोळखी कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला, डबल क्लिक केलं आणि काही न विचारता आवाज आला पाहिजे. पहाटे पाचला काकड आरती सुरू व्हायची असते तेव्हा सेटिंग शोधत बसायला कुणाला वेळ असतो?

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेल्या प्लेअरचं फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकणं. बऱ्याचदा ते चालू होतं पण, म्हणून फसायला होतं. त्याची सेटिंग, इक्वलायझर, प्लेलिस्ट हे सगळं विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये नाहीतर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगच्या नोंदवहीत, राहिलेलं असतं, ते पेनड्राइव्हबरोबर येतच नाही, आणि दुसऱ्या मशीनवर प्लेअर कोरा करकरीत उघडतो. फूबार २००० आणि एआयएमपी या दोन प्लेअरच्या इन्स्टॉलरमध्ये पोर्टेबल, म्हणजे सोबत नेण्याजोगा, असा वेगळा पर्याय असतो, तो निवडून जागा म्हणून सरळ पेनड्राइव्हवरचं फोल्डर द्यायचं, मग सेटिंग त्याच फोल्डरात राहतात. व्हीएलसीचं थोडं वेगळं आहे, झिप डाउनलोड करून पेनड्राइव्हवर उघडली तरी सेटिंग त्या त्या कॉम्प्युटरवरच लिहिली जातात, पण जिथं व्हीएलसीची एक्झी फाइल (डबल क्लिक केल्यावर प्लेअर उघडणारी) आहे तिथंच इंग्रजीत पोर्टेबल नावाचं रिकामं फोल्डर करून ठेवलं की सेटिंग त्यात जायला लागतात. एवढी सोपी गोष्ट आहे, पण माहीत असलेली माणसं कमी.

आता आवाजाचं. हा प्रॉब्लेम मंडपात इतक्यांदा बघायला मिळतो की जरा सविस्तर लिहितो. गाणं लावलंय, सेकंद पुढं सरकताहेत, पट्टी हलतेय, स्पीकर मात्र गप. मग एकजण ऑक्स केबलची पिन फिरवतो, दुसरा मिक्सरवरचा फेडर वर ढकलतो, तिसरा साऊंडवाल्याला फोन लावतो. केबल चांगली असते हो. झालेलं असं असतं, की घरी कुणीतरी प्लेअरच्या आऊटपुटमध्ये ठरावीक साऊंड कार्ड नाहीतर ब्लूटूथ हेडफोन निवडून ठेवलेला असतो, आणि प्लेअर पोर्टेबल असल्यामुळं ती निवडसुद्धा पेनड्राइव्हबरोबर आलेली असते. इथं ते डिव्हाइसच नाही, मग काही प्लेअर एरर दाखवतात, काही नुसतेच गप्प बसतात. म्हणून आऊटपुट कायम डिफॉल्टवर ठेवायचं, म्हणजे विंडोज जिकडं आवाज सोडेल तिकडं प्लेअर जाईल. वासापी एक्सक्लुझिव्ह, एएसआयओ वगैरे साऊंड कार्डशी थेट बोलणारे आऊटपुट घरी चांगल्या डॅकवर (डिजिटल गाण्याचा आवाज करणाऱ्या वेगळ्या डब्यावर) ऐकायला ठीक आहे, फिरत्या पेनड्राइव्हवर त्याचं काही काम नाही. डिफॉल्ट ठेवूनही आवाज नसला तर खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन बघा, एचडीएमआयनं प्रोजेक्टर जोडला असेल तर आवाज गुपचूप तिकडं गेलेला असतो.

प्लेलिस्टवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. घरी पेनड्राइव्हला ई ड्राइव्ह मिळतो, मंडळाच्या लॅपटॉपवर जी, आणि प्लेलिस्टमधलं सगळं लाल. प्लेलिस्टची फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा की, प्रत्येक ओळीत ई पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता लिहिलेला दिसेल, म्हणून गाणी सापडत नाहीत. प्लेलिस्ट गाण्यांच्याच फोल्डरमध्ये सेव्ह करा आणि नोटपॅडच्या रिप्लेसनं पुढचा पत्ता उडवून नुसतं फाइलचं नाव ठेवा, मग ड्राइव्हचं अक्षर काय वाट्टेल ते येऊ दे. फूबार पोर्टेबल मोडमध्ये असेल तर त्याच ड्राइव्हवरच्या फाइल्सचा पत्ता तो आपला आपण तसाच सांभाळतो, हे त्याचं मला फार आवडतं.

त्यातच आपला खास सीमाभागाचा विषय म्हणजे फाइलची नावं. एकाच फोल्डरात मराठी अभंग देवनागरीत, कन्नड वचनं आणि भक्तिगीतं कन्नड लिपीत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलला नुसता आकड्यांचा गिचमिडा. साधी एम३यू प्रकारची प्लेलिस्ट जुन्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीत, सेव्ह झाली की देवनागरी आणि कन्नड दोन्हीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि एकदा आली की त्यातून मूळ नाव परत मिळत नाही. एम३यू८ निवडा, ती सगळ्या लिपी सांभाळणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये असते. प्लेअर निवडतानाच एक मराठी आणि एक कन्नड नावाची फाइल लावून बघायची, दोन्ही नावं नीट दिसून वाजली तरच पुढं जायचं. कार्यक्रमाच्या गाण्यांना तर मी म्हणेन पुढं ०१, ०२ असे दोन आकडी नंबर इंग्रजी आकड्यांत टाकाच, कारण नुसतं १, २ लिहिलं तर बरेच प्लेअर १ नंतर सरळ १० वर उडी मारतात आणि स्वागतगीताच्या जागी राष्ट्रगीत लागतं.

मग प्लेअर घ्यायचा कुठला? ज्यांना फोल्डर उघडून एकामागून एक एमपी३ लावायची आहेत त्यांना वनबायवन पुरतो, अगदी छोटा आहे, फोल्डरलाच प्लेलिस्ट मानतो, त्यामुळं वर लिहिलेली अर्धी डोकेदुखी तिथंच संपते. एक्सएमप्ले पण असाच हलका, फक्त एमपी३ सोडून एएसी, फ्लॅक, ओपस असे दुसरे फॉरमॅट वाजवायला त्याचे प्लगइन (जोडीच्या छोट्या फाइल्स) आधीच त्याच्या फोल्डरात टाकून ठेवावे लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्ड करून पाठवलेलं भजन बहुतेक ओपस असतं, ते ऐनवेळी वाजत नाही त्याचं कारण हेच. फूबारला हे सगळे फॉरमॅट मुळातच येतात, शिवाय चालू गाणं संपल्यावर थांब अशी सोय आहे, निवेदन मध्ये मध्ये असणाऱ्या कार्यक्रमात तिच्याशिवाय फार धावपळ होते. शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी तर फूबारच घ्यावा. आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची एखादी मैफल ट्रॅकमध्ये तोडलेली असेल, तर व्हीएलसी ३ मध्ये दोन ट्रॅकच्या सांध्यावर बारीक खंड ऐकू येतो आणि लागलेला सूर तुटतो, फूबारमध्ये सीडीवरून नीट उतरवलेल्या (रिप केलेल्या) फाइल्स सलग जातात. इतक्या जीव लावून गायलेल्या गाण्याला प्लेअरपायी खंड पडू नये असं मला मनापासून वाटतं. व्हिडिओ पण दाखवायचा असेल तर मात्र व्हीएलसीला पर्याय नाही, फक्त त्यात बारक्या प्लगइन फाइल्स शेकड्यांनी असतात, स्वस्तातल्या पेनड्राइव्हवरून पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो, तेव्हा अडकला म्हणून चार चारदा क्लिक करू नका. म्युझिकबी दिसायला सुंदर आहे पण त्याला डॉटनेट हे मायक्रोसॉफ्टचं जोडीचं सॉफ्टवेअर लागतं आणि त्याचं लक्ष लायब्ररीवर, म्हणजे सगळ्या गाण्यांची यादी सांभाळण्यावर, असतं, फिरतीच्या कामाला मी सुचवणार नाही.

पेनड्राइव्हच्या स्पीडची काळजी गाण्यापुरती तरी करू नका. ३२० केबीपीएसचं एमपी३ सेकंदाला फक्त ४० केबी मागतं, साधा यूएसबी २ चा पेनड्राइव्ह ते सहज देतो. वेळ जातो तो प्लेअर हजारो फाइल्सचे टॅग (गाण्याचं नाव, गायक अशी आतली माहिती) वाचून लायब्ररी बनवतो त्यात, म्हणून लायब्ररी स्कॅन आणि फोल्डरवर नजर ठेवायचं सेटिंग बंद करा. आणि अगदी स्वस्तात मिळणारे १ टीबी, २ टीबीचे पेनड्राइव्ह घेऊ नका, आत खरी जागा थोडीच असते, भरली की पुढची गाणी नुसती नावाला दिसतात, वाजत नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट टूल आहे, नवीन रिकामा पेनड्राइव्ह आणला की त्यानं एकदा तपासून घ्या.

बिट्सचं राहिलं. जुन्या शाळांत अजून ३२ बिट विंडोज असलेले पीसी आहेत, तिथं ६४ बिट प्लेअर उघडणारच नाही, पण ३२ बिट प्लेअर नेहमीच्या दोन्हीकडच्या पीसीवर चालतो, तोच घ्या. पेनड्राइव्ह कुठल्या फॉरमॅटमध्ये करायचा तर गाडीच्या स्टिरिओला आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरलाही तोच पेनड्राइव्ह लावणार असाल तर फॅट३२, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही पण गाण्यांना त्याचा त्रास नाही.

झेरॉक्सच्या दुकानात नाहीतर फोटो स्टुडिओत पेनड्राइव्ह लावून आणला आणि सगळी फोल्डर शॉर्टकट झाली, तर त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका आणि घाबरून फॉरमॅटही मारू नका. गाणी बहुतेक आतच असतात, लपवलेली. आधी अँटिव्हायरसनं स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइल्स दाखवा आणि सिस्टिमच्या फाइल्स लपवा हा टिकपण काढा, खरी फोल्डर दिसायला लागतील, ती दुसरीकडं कॉपी करून घ्या. काही कॉलेज लॅबमध्ये पेनड्राइव्हवरून एक्झी चालवायलाच बंदी असते, तिथं आपला प्लेअर उघडणार नाही, म्हणून गाणी प्लेअरच्या फोल्डरात न कोंबता वेगळ्या साध्या फोल्डरात ठेवा, विंडोजचा स्वतःचा प्लेअर तरी ती लावेल.

आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्लेअर बंद करून अख्खा पेनड्राइव्ह दुसऱ्यावर तसाच कॉपी करा आणि मग दोन्ही सेफली रिमूव्ह करून काढा. पोर्टेबल प्लेअरला वेगळं काही करावं लागत नाही, दुसराही लगेच वाजतो. तो साऊंडवाल्याच्या हातात देऊन ठेवा.