एमएस सीएस (कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स): क्रेडिट भरले तरी डिग्री अडकते ती का? या चुका टाळा

३० क्रेडिट (कोर्स पूर्ण केल्यावर मिळणारे गुणांक) भरले की डिग्री मिळाली, असं धरून चालणारे खूप जण शेवटच्या सेमिस्टरला हादरतात, कारण टोटल बरोबर असते पण कुठला तरी रकाना, म्हणजे डिग्रीच्या अटींमधला एखादा गट, रिकामाच राहिलेला असतो. मास्टर्समध्ये प्रत्येक क्रेडिट कुठल्या रकान्यात पडतंय तेच बघायचं असतं, आणि ते पहिल्या टर्मलाच बघायचं.

आधी आकड्यांचा घोळ. जॉर्जिया टेकला ३० क्रेडिट, स्टॅनफर्डला ४५ युनिट, ईटीएच झुरिकला १२० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट). हे वाचून कोणी म्हणतं स्टॅनफर्डला जास्त अभ्यास आहे, पण तिथे क्वार्टर सिस्टीम आहे, म्हणजे टर्म सेमिस्टरपेक्षा छोट्या असतात, ४५ क्वार्टर युनिट म्हणजे साधारण ३० सेमिस्टर क्रेडिटच. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस धरतात म्हणून दोन वर्षांचे १२०. त्यामुळे दुसऱ्या युनिव्हर्सिटीतल्या मित्राचा प्लॅन उचलून आपला बनवू नका.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती ब्रेड्थमध्ये, म्हणजे थिअरी, सिस्टीम्स, एआय अशा वेगवेगळ्या गटांतून कोर्स घ्यायची अट असते तिथे. मशीन लर्निंग आवडतं म्हणून एकामागोमाग एक तसलेच कोर्स घेतले जातात, अल्गोरिदम्स नाहीतर ऑपरेटिंग सिस्टीम्स नंतर बघू म्हणून ढकललं जातं, आणि नंतर कळतं की तो कोर्स या टर्मला नाहीच, किंवा सीट भरल्या. नावडता कोर्स आधी उरकून टाका, खरंच सांगतो. आधीच अडकला असाल तर त्या गटात दुसरा कुठला कोर्स चालतो का ते अ‍ॅडव्हायझरला ईमेलवर विचारा आणि होकारही ईमेलवरच घ्या, तोंडी "चालेल" वर विसंबू नका.

आता ग्रेड. बऱ्याच ठिकाणी सरासरी (जीपीए) ३.० लागते, म्हणजे बी (ए म्हणजे ४, बी ३, सी २). दहा सारखे कोर्स, नऊमध्ये बी आणि एकात सी, तर जीपीए होतो २.९ आणि डिग्री थांबते! त्या सीची भरपाई बीने होत नाही, त्याला ए लागतो. शिवाय कोर म्हणजे सक्तीच्या कोर्सला बी हवाच अशी वेगळी अट असू शकते, तिथे सरासरी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही, कोर्स परत करावा लागतो. जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन मास्टर्सला तर पहिल्या १२ महिन्यांत दोन फाउंडेशनल (पायाभूत म्हणून ठरवलेले) कोर्स बी किंवा वरच्या ग्रेडने काढावे लागतात, त्यामुळे सुरुवातीलाच अवघड कोर्सची जोडी घेऊन बसू नका.

दुसऱ्या ब्रँचमधून आलेल्यांनी एक नीट बघा. डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स असे प्रीरिक्विझिट (आधी यायलाच हवेत असे कोर्स) करायला लावले तर ते क्रेडिट सहसा मास्टर्समध्ये धरत नाहीत. वेळ आणि फी दोन्ही वाढतात, तर हे अ‍ॅडमिशन घेतानाच विचारून घ्या. तसंच काही वेळा एकच कोर्स बॅचलर्स आणि मास्टर्स अशा दोन नंबरांखाली असतो, रजिस्टर करताना वरच्या लेव्हलचा नंबर निवडा, वर्ग तोच असला तरी क्रेडिट वेगळं धरतात.

थीसिसवाल्यांची चूक म्हणजे गाईड शोधायला उशीर. आधी थीसिस रजिस्टर केला आणि मग गाईडच्या मागे लागले असं करू नका, आधी त्यांच्याकडे एखादा कोर्स करा, त्यांचे पेपर वाचून जा. आणि थीसिस सोडून कोर्सवर्कला (फक्त कोर्स करून डिग्री घ्यायच्या पर्यायाला) वळायचं मनात येत असेल तर लवकर ठरवा, कारण थीसिसचे क्रेडिट तिकडे धरतीलच असं नाही, मग जास्तीचे कोर्स घ्यावे लागतात.

इनकम्प्लीट ग्रेड (कोर्सचं काम अर्धवट राहिल्यावर मिळते ती तात्पुरती ग्रेड) घेतली असेल तर तिची मुदत कॅलेंडरवर टाका, मुदत गेली की बऱ्याच ठिकाणी ती आपोआप एफ (नापास) होते. नोकरी करत पार्टटाइम शिकणाऱ्यांनी पूर्ण डिग्रीची कालमर्यादाही बघून ठेवा, ती संपली की जुने कोर्स बाद होऊ शकतात.

राहिला ग्रॅज्युएशनचा अर्ज. डिग्री आपोआप येत नाही, अर्ज बहुतेकदा शेवटची टर्म सुरू होतानाच भरायचा असतो, आणि तो चुकला तर सगळं पूर्ण असूनही नाव पुढच्या टर्मच्या यादीत जातं, म्हणून शेवटच्या टर्मचे कोर्स रजिस्टर कराल त्याच दिवशी तोही भरून टाका.