जुनं ॲड-ऑन नव्या सिम्युलेटरमध्ये बसवताना

पुण्यात मी इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचे ग्राउंड क्लास घेते. मुलं पुढे फ्लाइंग स्कूलमध्ये गेली की अजूनही अनेकांच्या वाट्याला गोल डायलचं विमान येतं. व्हीओआरची, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासूनची दिशा दाखवणारी सुई कशी वाचायची, एडीएफ, म्हणजे रेडिओ केंद्राकडे बोट दाखवणारं यंत्र, दाखवतो ती दिशा डोक्यात कशी फिरवायची, हे काचेच्या पडद्यावर शिकवून भागत नाही. त्यासाठी लागणारं चांगलं सामान, म्हणजे सिम्युलेटरला वरून जोडायची ॲड-ऑन, जुनं आहे. २००६ साली आलेल्या फ्लाइट सिम्युलेटर टेनसाठी, म्हणजे एफएसएक्ससाठी, लोकांनी रात्री जागून बनवलेलं आणि बरंचसं फुकट वाटलेलं. ते टाकून द्यायला माझं मन तयार नाही, आणि तशी गरजही नाही. लॉकहीड मार्टिनच्या प्रिपेअर्डच्या, ज्याला सगळे पीथ्रीडी म्हणतात, पाचव्या आवृत्तीवर त्यातलं बरंच काही चालतं. कसं चालवायचं ते इथे लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. पीथ्रीडीचा परवाना करमणुकीसाठी नाही. शिकणाऱ्यांसाठी ॲकॅडमिक आणि बाकीच्यांसाठी प्रोफेशनल असे त्याचे प्रकार आहेत. ॲड-ऑन विकत घेतलेलं असेल तर त्याचाही करार वाचा. काहींचा परवाना फक्त एफएसएक्सपुरता असतो, आणि पीथ्रीडीसाठी तेच पुन्हा घ्यावं लागतं. फुकट मिळालेल्या सामानातही रीडमी फाइल असते. बनवणाऱ्याने तिथे काही अट घातली असेल तर ती पाळायची.

जुनं सामान नव्यात चालतं, कारण पाया एकच आहे. २००९ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने एफएसएक्स बनवणारा आपला एसेस स्टुडिओ बंद केला. त्यांचं तंत्र लॉकहीड मार्टिनने परवान्यावर घेतलं आणि २०१० मध्ये त्यातूनच पीथ्रीडी आला. म्हणून सीनरीच्या बीजीएल फाइल, विमानांचे एमडीएल, पॅनेलच्या सीएफजी फाइल या सगळ्यांची ओळख त्याला आहे. अडचण सुरू होते ती २०१७ च्या चौथ्या आवृत्तीपासून, कारण तेव्हा तो ६४-बिट झाला. एफएसएक्स ३२-बिटचा, त्याला ४ जीबीच्या पुढे मेमरी वापरताच येत नसे. भारी सीनरी घातली की उतरायच्या ऐन वेळी तो बंद पडायचा. तो त्रास ६४-बिटमुळे संपला. मात्र ६४-बिटच्या प्रोग्रॅममध्ये ३२-बिटची डीएलएल, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा तुकडा असलेली फाइल, लोड होत नाही, आणि त्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. त्याच वेळी फ्लाइट सिम्युलेटर २००२ आणि त्याआधीच्या पद्धतीची मॉडेलंही बाद झाली.

म्हणून इन्स्टॉलरवर डबल-क्लिक करण्याआधी ॲड-ऑन उघडून त्यात काय काय आहे ते बघा. एका नावाखाली चार वेगवेगळ्या जातीचा माल असू शकतो: सीनरी (जमीन, इमारती, विमानतळ), विमान, गेज (पॅनेलवरचे डायल) आणि बाहेरून जोडला जाणारा प्रोग्रॅम. प्रत्येकाचं नशीब वेगळं. "हे ॲड-ऑन पीथ्रीडीत चालेल का?" या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नसतं. "यातलं काय चालेल?" असं विचारलं की उत्तर मिळतं.

इन्स्टॉलर अडला तर

झिप असेल तर सोपं आहे, वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा. इन्स्टॉलर असेल तर तो विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, एफएसएक्सचा पत्ता शोधतो, आणि तो सापडला नाही की थांबतो. तुमच्याकडे एफएसएक्स असेल तर सरळ त्यात इन्स्टॉल करा आणि तिथून हवं ते उचला. नसेल तर बहुतेक इन्स्टॉलर जागा विचारतात. त्यांना डी ड्राइव्हवरचं एखादं रिकामं फोल्डर दाखवा. पीथ्रीडीचं मूळ फोल्डर मात्र दाखवू नका. जुना इन्स्टॉलर तिथल्या फाइलींवर स्वतःच्या जुन्या फाइली बिनदिक्कत चढवतो. पुढे काही बिघडलं तर कुठली फाइल कुणाची, हे शोधता शोधता दिवस जातो.

पीथ्रीडीने यासाठी चांगली सोय केली आहे. डॉक्युमेंट्समध्ये 'प्रिपेअर्ड थ्रीडी व्ही-फाइव्ह ॲड-ऑन्स' नावाचं फोल्डर असतं. त्यात प्रत्येक ॲड-ऑनचं स्वतंत्र फोल्डर करायचं आणि आत ॲड-ऑन डॉट एक्सएमएल नावाची छोटी फाइल ठेवायची. या फाइलीत एवढंच सांगायचं असतं, की यात सीनरी आहे, विमान आहे, गेज आहेत की इफेक्ट, आणि ते कुठल्या फोल्डरमध्ये आहेत. ती कोऱ्या पानावरून लिहीत बसू नका. नीट चालणाऱ्या एखाद्या ॲड-ऑनची फाइल कॉपी करून नाव आणि पत्ते बदला. सिम्युलेटर सुरू होताना तो नव्या ॲड-ऑनबद्दल विचारतो. नको झालं की टिक काढली, संपलं. मूळ इन्स्टॉलेशनला हात लागत नाही.

सीनरी

यात यश सगळ्यात लवकर मिळतं. ज्या फोल्डरच्या आत सीनरी आणि टेक्स्चर अशी दोन उपफोल्डर आहेत, त्या बाहेरच्या फोल्डरचा पत्ता द्या. आतल्या सीनरी फोल्डरचा दिला तर इमारती येतात, पण रंग येत नाहीत. यादीत ज्याचा क्रम वर, ते खालच्याला झाकतं. म्हणून विमानतळ वर ठेवा आणि डोंगरदऱ्यांची जाळी खाली.

खरं काम असतं उंचीचं. पाचव्या आवृत्तीत विमानतळांची बरीच माहिती नव्याने भरली गेली, आणि जुन्या सीनरीतली उंची तिच्याशी जुळेलच असं नाही. लोहगावचंच घ्या. धावपट्टी १०/२८, उंची १,९४२ फूट. जुन्या फाइलीत यापेक्षा वेगळा आकडा असला की धावपट्टी ओट्यासारखी वर येते किंवा खड्ड्यात बसते, आणि विमानाची चाकं जमिनीत रुतलेली दिसतात. एअरपोर्ट डिझाइन एडिटर नावाचं फुकट साधन आहे, लोक त्याला एडीई म्हणतात. त्यात जुन्या विमानतळाची बीजीएल उघडा आणि उंची जुळवा. ते साधन उंचीची एक छोटी वेगळी फाइलही बनवतं. ती मुख्य सीनरीतल्या वर्ल्ड फोल्डरच्या आतल्या सीनरीत जाते, विमानतळाच्या फोल्डरमध्ये नाही. मूळ फोल्डरला हात लावायचा नाही या नियमाला हा एवढाच अपवाद. कुठली फाइल टाकली ते वहीत लिहून ठेवा.

दुसरी अडचण म्हणजे एकावर एक इमारती. माझ्याकडे मुंबईची एक जुनी सीनरी आहे, त्यात सहारचं जुनं आंतरराष्ट्रीय टर्मिनल आहे. आजचं टर्मिनल दोन २०१४ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, त्याआधीचं हे रूप. मला ते मुद्दाम हवं आहे. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्यासाठी तो विमानतळ आता फक्त अशाच ठिकाणी उभा आहे. पण खालून सिम्युलेटरच्या स्वतःच्या इमारती डोकं वर काढतात. एडीईमध्येच एक्सक्लूजनचा चौकोन आखता येतो. तेवढ्या भागातल्या मूळ इमारती गायब होतात. चौकोन ०९/२७ आणि १४/३२ या दोन्ही धावपट्ट्यांच्या कडेपर्यंत ओढू नका, लागून असलेल्या वस्तीतली घरंही पुसली जातील. टर्मिनलपुरते लहान लहान चौकोन करा.

जमिनीवरचे पट्टे, ॲप्रनचं, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेचं, काँक्रीट फार जुन्या पद्धतीने काढलेलं असेल तर चौथ्या आवृत्तीपासून पुढे ते दिसतच नाही. मॉडेल कन्व्हर्टर एक्स या साधनातून ते नव्या पद्धतीत काढता येतं. वेळ लागतो. रोज लागणारा विमानतळ असेल तरच हात घाला.

विमान आणि त्याची गेज

विमानाचं फोल्डर एक्सएमएलमधून दाखवलं की ते बहुतेक वेळा यादीत येतं. उडतंही, कारण एअर फाइल आणि एअरक्राफ्ट डॉट सीएफजी यांची भाषा तीच राहिली आहे. दोन प्रकारची रडगाणी मात्र हमखास येतात.

पहिलं, विमान मुकं असतं. त्याच्या साउंड फोल्डरमधली साउंड डॉट सीएफजी उघडा. तिथे एकच ओळ दिसेल, अलियास आणि पुढे एफएसएक्समधल्या एखाद्या बोइंगचं नाव. म्हणजे बनवणाऱ्याने आवाज उसना घेतला होता. पीथ्रीडीत एफएसएक्सची ती बोइंग नाहीत, त्यामुळे उसना आवाज येणार कुठून? त्या नावाच्या जागी तुमच्या एअरप्लेन्स नावाच्या विमानांच्या फोल्डरमध्ये खरोखर असलेल्या, तशाच इंजिनाच्या विमानाचं फोल्डर लिहा. पॅनेल फोल्डरमध्येही अशीच अलियासची ओळ असू शकते. तीही बघा.

दुसरं, पॅनेलवर काळी भोकं. इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण माझ्या मते सगळ्या कामातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. पॅनेल डॉट सीएफजी नोटपॅडमध्ये उघडा. गेज शून्य-शून्य, गेज शून्य-एक अशा ओळी दिसतील. प्रत्येक ओळीत आधी फाइलीचं नाव, मग उद्गारचिन्ह, मग गेजचं नाव, आणि शेवटी चार आकडे: डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. आता पॅनेल फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल शोधा. ती कॅब असेल तर आत एक्सएमएलची गेज असतात, ती जवळपास जशीच्या तशी चालतात. गाउ किंवा डीएलएल असेल तर ती ३२-बिट आहे का ते तपासावं लागतं.

ते तपासायला कुठलंही साधन नको. फाइलीची एक प्रत करा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. कचऱ्यासारखी अक्षरं दिसतील, पण अगदी वरच्या भागात 'पी' आणि 'ई' ही मोठी इंग्रजी अक्षरं शेजारी शेजारी सापडतील. त्यांच्या मागोमाग मोठा 'एल' असेल तर फाइल ३२-बिट. लहान 'डी' असेल तर ६४-बिट. फक्त बघायचं, सेव्ह करायचं नाही.

३२-बिट निघाली तर आधी त्याच लेखकाने नंतर ६४-बिट आवृत्ती काढली आहे का ते शोधा. आवाजाच्या आणि अशा सामायिक गेजच्या बाबतीत ती मिळण्याची शक्यता चांगली असते. नसेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा टाका, म्हणजे सिम्युलेटर ती ओळ सोडून देतो. मग सिम्युलेटरसोबत आलेल्या एखाद्या विमानाच्या पॅनेलमधून त्याच कामाचं एक्सएमएल गेज निवडा. नाव तिथून घ्या, चार आकडे मात्र जुन्या ओळीतलेच ठेवा. माझ्या सेस्नातलं एडीएफ असंच उभं आहे. डायलचा चेहरा थोडा वेगळा दिसतो, पण सुई बरोबर दिशा दाखवते, आणि शिकवायला मला सुईच हवी आहे. व्हर्च्युअल कॉकपिटसाठी त्याच फाइलीत खाली वेगळा भाग असतो. तिथेही हाच बदल करा, नाहीतर टू-डी पॅनेलवर एडीएफ दिसेल आणि कॉकपिटमध्ये रिकामं वर्तुळ.

संपूर्ण एफएमएस (विमानातला मार्ग आखणारा संगणक), ऑटोपायलट, हायड्रॉलिक असं सगळं एकाच मोठ्या ३२-बिट डीएलएलमध्ये असलेली विमानं असतात. तिथे एखादी ओळ बदलून काही होत नाही. अशा विमानाचं बाहेरचं रूप ठेवा आणि पॅनेल दुसऱ्याचं द्या, किंवा ते विमान एफएसएक्समध्येच उडवा.

बाहेरून जोडलेले प्रोग्रॅम

इन्स्ट्रक्टर स्टेशन, नकाशे, हार्डवेअरच्या स्विचपेट्या हे सगळं सिम्युलेटरच्या बाहेर स्वतंत्र चालतं, त्यामुळे ३२-बिट असलं तरी बिघडत नाही. बाहेरचा प्रोग्रॅम सिमकनेक्ट नावाच्या दुव्यामधून आत बोलतो. त्याला हवी असते ती जुन्या सिमकनेक्टची जुळणारी आवृत्ती. ती पीथ्रीडीसोबतच येते, फक्त आपोआप बसत नाही. मूळ फोल्डरमधल्या रिडिस्टमध्ये इंटरफेस फोल्डर उघडा. तिथे ईएसपी, एफएसएक्स आरटीएम, एसपी-वन, आणि एसपी-टू एक्सपॅक अशी चार फोल्डर दिसतील. एफएसएक्सच्या तिन्हींच्या आत सिमकनेक्टची एमएसआय फाइल आहे. तिन्ही इन्स्टॉल करा. त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. 'प्रोग्रॅम उघडतो पण कनेक्ट होत नाही' अशी तक्रार असलेली निम्मी दुखणी इथेच बरी होतात.

एफएसयूआयपीसी या तशाच दुसऱ्या दुव्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमचं आणखी सोपं आहे. एफएसएक्सला चौथी आवृत्ती लागायची, पीथ्रीडीच्या पाचव्याला सहावी लागते. आतले ऑफसेट, म्हणजे कुठली माहिती कुठल्या पत्त्यावर, ते बहुतांशी तसेच ठेवलेले आहेत. जुन्या प्रोग्रॅमला बदल झाल्याचं कळतही नाही.

आता तपासणी. ऑप्शन्समधल्या जनरल पानावर कंटेंट एरर रिपोर्टिंग चालू करा. मग सिम्युलेटर सुरू होताना जे काही त्याला खटकतं, ते तो डॉक्युमेंट्समधल्या 'प्रिपेअर्ड थ्रीडी व्ही-फाइव्ह फाइल्स' फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाइलीत लिहितो. एकाच नावाची दोन विमानं, हरवलेलं टेक्स्चर, वाचता न आलेली ओळ, सगळं. एका वेळी एकच ॲड-ऑन बसवा, सिम्युलेटर सुरू करा, ही फाइल वाचा, आणि मगच पुढचं बसवा. फाइल स्वच्छ असूनही चित्र विचित्र दिसत असेल तर सिम्युलेटर बंद करून ॲपडेटाच्या लोकलमधलं शेडर्स फोल्डर पुसा. ते पुढच्या वेळी आपोआप नव्याने तयार होतं, पहिल्यांदा सुरू व्हायला जरा जास्त वेळ लागतो इतकंच.

विमान वर्गात लावण्याआधी मी एक चाचणी घेतेच. लोहगावला २८ च्या टोकाशी उभी राहते, ओळखीचा व्हीओआर लावते आणि ओबीएस, म्हणजे दिशा निवडायची कळ, पूर्ण गोल फिरवते. सुई दोन ठिकाणी मधोमध आली पाहिजे, आणि त्या दोन आकड्यांत बरोबर १८० अंशांचं अंतर हवं. मग एडीएफ लावून विमान जागेवरच फिरवते. नाक वळलं तेवढीच सुई उलट्या बाजूला सरकली, तर ते विमान मुलांच्या हाती देते.