ईस्टर झाला, मन मात्र होतं तिथंच? अंतःकरणाच्या शुद्धतेबाबत या चुका टाळा

उपवासकाळात चाळीस दिवस मटण-मासे बंद. गुड फ्रायडेला दुपारी तीन तासांची उपासना, क्रुसावरच्या सात शब्दांवर सात जणांचे संदेश. ईस्टरला पहाटे दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या, मग चर्च, मग घरी बिर्याणी. सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत थोड्याफार फरकाने हाच शिरस्ता. आणि आठवडा उलटायच्या आत कुणीतरी हळूच विचारतं: एवढं सगळं करूनही राग तोच, जावेचा हेवा तोच, रात्री मोबाइलवर बघायचं तेही तेच. मग प्रभू उठला त्याचा माझ्या मनाला उपयोग काय झाला?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला "विश्वास कमी पडला" एवढंच उत्तर देणं हा आळस आहे. बहुतेक वेळा विश्वास कमी पडलेला नसतो, क्रम उलटा लागलेला असतो.

आधी शुद्ध होऊ, मग प्रभू येईल

सगळ्या चुकांचं मूळ इथं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

आपल्या डोक्यात हिशेब असा असतो: चाळीस दिवस मन घासूनपुसून काढायचं आणि ते स्वच्छ झालं की ईस्टरचा आनंद पदरात पडायचा. आता बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात बघा. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य दारं लावून भीतीने बसलेत. गेथशेमाने बागेत प्रभूला पकडलं तेव्हा त्याला सोडून पळाले ते हेच. पेत्राने तर तीनदा ओळख नाकारलेली. सकाळी बायकांनी कबर रिकामी असल्याचं सांगितलं, ते लूक म्हणतो त्याप्रमाणे यांना बडबड वाटलं. त्या खोलीत शुद्ध अंतःकरणाचा एकही माणूस सापडला नसता. तरी येशू तिथं येऊन उभा राहिला आणि पहिलं वाक्य बोलला ते "तुम्हांला शांती असो." हजेरी घेतली नाही, खुलासा मागितला नाही.

पेत्राचं प्रकरण त्याने नंतर काढलं, आणि तेही कसं! तिबिर्या समुद्राच्या काठावर कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनच ठिकाणी येतो. एकदा महायाजकाच्या वाड्यात, जिथं पेत्र शेकत उभा राहून नाकारत होता, आणि दुसऱ्यांदा इथं. पेत्राला तो वास आल्यावर काय वाटलं असेल ते लिहिलेलं नाही. पण न्याहारी आधी झाली. "माझ्यावर प्रीती करतोस काय?" हा प्रश्न न्याहारीनंतर आला, तीनदा आला, आणि दर वेळी उत्तर ऐकून कामही सोपवलं गेलं.

पौल हेच करिंथकरांना पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तर्काने सांगतो: ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापातच आहात. म्हणजे क्षमेचा पाया पुनरुत्थानात आहे, माझ्या उपवासात नाही. उपवासकाळाला परीक्षा समजलात तर दरवर्षी नापास व्हाल. किंवा पास व्हाल, आणि ते जास्त धोक्याचं, कारण पास झालेला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळून स्वतःला नीतिमान समजणारा माणूस, घरात सगळ्यांना जड जातो.

उपाय साधा आहे. पौलाच्याच कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय पहिल्या वचनापासून सतराव्यापर्यंत रोज वाचा, क्रम न मोडता. पहिल्या ओळीत तुम्ही ख्रिस्ताबरोबर उठवले गेला आहात, हे झालेलं काम सांगितलंय. वासना, लोभ, राग, निंदा, लबाडी सोडण्याची भाषा पाचव्या वचनापासून सुरू होते. आपण गडबडीत थेट पाचव्यावर उडी मारतो आणि मग दमतो.

सोमवारी फळ मागणं

ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. तासगाव, पलूसकडे याच सुमाराला द्राक्षबागांची खरड छाटणी चालू असते. माल निघालेला असतो आणि बागायतदार वेलीच्या काड्या मागे कापून टाकतो. बाहेरच्या माणसाला बाग उजाड झाल्यासारखी दिसते. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू पित्याला माळी म्हणतो आणि फळ देणाऱ्या फाट्याचीही छाटणी होते असं सांगतो. लगेच पुढच्या वचनात: मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही आता शुद्ध झालेलेच आहात. ही जोडणी चर्चमधल्या कॉलेज शिकलेल्या मंडळींपेक्षा मणेराजुरीच्या बागायतदाराला लवकर कळते. मेलेली वेल जिवंत व्हावी म्हणून कुणी कात्री लावत नाही. मूळ जिवंत आहे म्हणून लावतो. एप्रिलच्या छाटणीनंतर नवी काडी येते आणि तिच्या डोळ्यात पुढच्या घडाची तयारी सुरू होते, वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि घड हातात यायला पुढचं वर्ष उजाडतं. मधल्या महिन्यांत बाग फुकट गेली असं कुणी म्हणत नाही.

तेव्हा ईस्टरनंतरच्या सोमवारी "माझ्यात काही फरक नाही" अशी तक्रार करण्यापेक्षा, मागच्या ईस्टरपासून यंदापर्यंत एखाद्या एकाच बाबतीत काय हललं ते बघा. भांडण झाल्यावर अबोला पूर्वी आठवडाभर टिकायचा, आता दोन दिवसांत मोडतो का? एवढं पुरे.

शुद्धतेच्या नावाखाली सोवळं

ही चूक खास आपली आहे आणि ती चर्चच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही.

सातारा जिल्ह्याला शुद्ध-अशुद्धाचा हिशेब काय करतो ते सांगायला नको. बाबासाहेब आंबेडकर 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले आणि वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसले. त्यानंतर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले तेव्हा मसूर स्टेशनवर पोरं महाराची आहेत कळताच बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही गाडी पोरांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचं या बोलीवर. त्या गाडीवाल्याच्या मनात शुद्धतेबद्दल काडीचीही शंका नव्हती. त्याला ती अगदी नीट पाळायची होती.

येशू मार्काच्या सातव्या अध्यायात हाच हिशेब मोडतो: बाहेरून आत जाणारं काही माणसाला विटाळत नाही, आतून बाहेर येणारं विटाळतं. पुनरुत्थानानंतर तर पेत्राला याफोच्या गच्चीवर दृष्टान्तात ऐकू येतं, "देवाने जे शुद्ध केले आहे ते तू निषिद्ध मानू नकोस," आणि तो कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरात पाऊल टाकतो. पुढे यरुशलेमच्या सभेत तोच पेत्र साक्ष देतो की देवाने त्यांच्यात आणि आपल्यात भेद केला नाही, त्यांची अंतःकरणं विश्वासाने शुद्ध केली. शुद्ध अंतःकरणाची प्रेषितांच्या काळातली ही पहिली मोठी कसोटी, आणि ती कुणाच्या घरी जेवायचं यावर लागली होती.

आता आपल्याकडे. पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. तरी मुलीचं स्थळ बघताना "मूळचे कुठले?" हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याला गावाचं नाव नको असतं. हे करणारा माणूस पहाटेच्या उपासनेला सगळ्यांत पुढे उभा असू शकतो. अशा ठिकाणी मन शुद्ध होण्यासाठी जास्त उपवास करून उपयोग नाही. ज्या घरी आजवर पाणी प्यायलेलं नाही त्या घरी जेवायला जा, आणि त्यांना आपल्याकडे बोलवा. लेकीचं स्थळ आलं की तो प्रश्न गिळा.

याचाच शहरी भाऊ म्हणजे घराण्याचा अभिमान. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, कित्येक कुटुंबांची नाळ त्या आवाराशी जुळली. "आमचे पणजोबा मिशनमध्ये होते" हे सांगण्यात वाईट काही नाही. पण पणजोबांचा बाप्तिस्मा पणतवाच्या कामाला येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात यावेत असा त्यांचा आग्रह होता. 1919 मध्ये ते गेले आणि प्रयोग अर्धाच राहिला. पुष्कळांना तेव्हा तो वेडेपणा वाटला. मला वाटतं, नावनोंदणी आणि अंतःकरण यांतला फरक त्यांच्याइतका स्पष्ट फार थोड्यांना दिसला होता.

शरीराला शत्रू समजणं

आजूबाजूच्या हवेतून आपण एक कल्पना उचललेली असते: आत्मा खरा, शरीर म्हणजे टाकून द्यायचं वस्त्र. तिच्यातून मग शुद्धता म्हणजे देहापासून सुटका असं समीकरण तयार होतं. पुनरुत्थान याच्या बरोबर उलट बोलतं. उठलेला येशू भूत नव्हता. लूक सांगतो त्याप्रमाणे त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. थोमाला त्याने जखमा दाखवल्या, म्हणजे त्या उठल्यावरही होत्या. आणि पौल करिंथकरांना देहाची शुद्धता शिकवतो ती देह क्षुद्र म्हणून नाही, देव तो उठवणार आहे म्हणून.

व्यवहारात फरक पडतो. लैंगिक पापाशी झगडणाऱ्या तरुणाला "शरीर घाण आहे" शिकवलं की तो लग्नानंतरही बायकोकडे त्याच नजरेने बघतो. त्याला सांगायचं ते असं की हा देह प्रभूचा आहे, तो फुकट घालवायचा नाही. आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. दोन्ही गोष्टी लागतात; नुसतं वचन पाठ करून फोन उशाशी ठेवला तर काय होणार ते त्यालाही माहीत असतं.

काढलं, पण भरलं काही नाही

लूकाच्या अकराव्या अध्यायातला अशुद्ध आत्मा परत येतो तेव्हा घर झाडून सुशोभित केलेलं असतं. तो स्वतःहून वाईट असे आणखी सात घेऊन येतो. दारू सुटली, पण संध्याकाळी सहा ते नऊ काय करायचं ते ठरलं नाही, तर जूनपर्यंत परत गुत्ता. वेळ ठरवा, माणूस ठरवा, काम ठरवा: भजनाचा सराव, संडे स्कूलच्या पोरांना शिकवणं, आजारी माणसाकडे जाणं, काहीही.

‘प्रार्थनेसाठी सांगते हं’

ही चूक महिला मंडळात आणि तरुण संघात सारखीच. कुणाच्या सुनेचं काय चाललंय हे "प्रार्थनेचा विषय" म्हणून फिरतं. एकमेकांजवळ पापं कबूल करा असं याकोब लिहितो, ते स्वतःची. दुसऱ्याची नव्हे. कबुलीसाठी एकच माणूस निवडा, पोटात गोष्ट ठेवणारा, शक्यतो वयाने मोठा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीही नाही.

बांधावरचा भाऊ

वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात "अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य" यानंतर पंधरा वचनांवर आहे. आपण पहिलं फ्रेम करून भिंतीवर लावतो. दुसऱ्याबद्दल वकिलाला विचारतो. उसाच्या बांधावरून भावाशी वाद असेल तर प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीच्या, आधीच्या आठवड्यात जा. मोजणीचा कागद घेऊन जाऊ नका. तो बोलला नाही तर तुमचा भाग झाला, पुन्हा जा.

एक अपवाद मात्र ठळक: मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे "क्षमा कर" म्हणून बाईला परत पाठवणारा सल्ला देऊ नका. क्षमेसाठी त्याच घरात राहावं लागत नाही, आणि पोलिसांत तक्रार दिल्याने ती खोटीही ठरत नाही.

संपतच नाही अशी अपराधीपणाची भावना

यहूदा आणि पेत्र, दोघांनीही त्याच रात्री दगा दिला, दोघेही पस्तावले. एक एकटा निघून गेला. दुसरा इतरांबरोबर राहिला, म्हणून तो किनाऱ्यावर सापडला. पश्चात्तापाने माणूस लोकांपासून तुटत चालला असेल तर काहीतरी बिनसलंय हे ओळखा.

आणि काही वेळा बिनसलेलं आत्म्यात नसतंच. एकच पाप दिवसातून वीस वेळा कबूल करणं, प्रार्थनेच्या मध्येच घाणेरडे विचार घुसणं आणि त्यांची भयंकर भीती वाटणं, प्रार्थना "चुकली" म्हणून पहिल्यापासून सुरू करणं, हात सतत धुणं. हे महिनोन्महिने चालत असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. अशा माणसाला आणखी उपवास सांगणं म्हणजे त्याचे हाल वाढवणं. पाळकांनी प्रार्थना करावी आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊनही जावं. गोळ्या चालू असताना प्रभुभोजन घेतलेलं चालतं का, असंही लोक दबक्या आवाजात विचारतात. चालतं.