युद्धकाळात शत्रूच्या हाती गेलेले उपग्रह इंटरनेट कसे तोडावे

खाजगी कंपनीचे उपग्रह इंटरनेट युद्धात वापरायचे ठरले, की तेच इंटरनेट शत्रूच्याही हाती पडणार हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरावे लागते. युक्रेनला ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून कळली, म्हणून पुढील सर्व सूचना त्याच अनुभवावर आधारलेल्या आहेत. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा आत शिरण्याच्या सुमारे तासभर आधी वायासॅट या अमेरिकी कंपनीच्या केए-सॅट या उपग्रह इंटरनेट सेवेचे हजारो मोडेम सायबर हल्ल्याने निकामी झाले. दोनच दिवसांनी तत्कालीन उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव यांनी इलॉन मस्क यांच्याकडे जाहीरपणे स्टारलिंकची, म्हणजे त्यांच्या स्पेसएक्स कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेची, मागणी केली आणि महिना संपण्याआधी पहिले संच, म्हणजे उपग्रहाशी जोडणारी अँटेनासह उपकरणे, देशात पोहोचले. पुढे दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, युक्रेनच्या लष्करी गुप्तचर विभागाने सांगितले की व्याप्त प्रदेशातील रशियन तुकड्याही हीच सेवा वापरत आहेत. आपण रशियाला विक्री करत नाही, असे स्पेसएक्सचे म्हणणे होते. परंतु तिसऱ्या देशातील व्यापाऱ्यामार्फत संच विकत घेणाऱ्याला कंपनीशी थेट व्यवहार करावाच लागत नाही.

म्हणून सर्वांत आधी स्वतःचे संच मोजावेत. हे काम कारकुनी वाटते आणि म्हणूनच ते मागे पडते. युक्रेनमध्ये काही संच मित्रराष्ट्रांनी दिले, काही स्वयंसेवी गटांनी वर्गणी काढून पाठवले, काही सैनिकांनी स्वतःच्या पैशांनी घेतले, आणि त्यांतील कित्येकांची खाती परदेशातील व्यक्तींच्या नावावर होती. अशा स्थितीत आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहाला खंदकातील युक्रेनियन संच आणि समोरच्या खंदकातील रशियन संच यांत काहीही फरक दिसत नाही. संच देशात येताक्षणी त्याचा क्रमांक, खाते, तो ज्या तुकडीकडे वा संस्थेकडे आहे तिचे नाव आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद एकाच ठिकाणी करावी. देणगीतून आलेल्या संचांना यातून सूट देऊ नये, कारण गोंधळ नेमका तिथूनच सुरू होतो.

नकाशावर रेघ ओढून तिच्या पलीकडची सेवा बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे आणि सर्वांत फसवाही. संच आपले ठिकाण जीपीएसच्या आधारे कळवतो, त्यामुळे ठराविक प्रदेशात सेवा नाकारणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, आणि खोल पिछाडीच्या भागांसाठी ते जरूर करावे. परंतु आघाडीची रेषा रोज सरकते. २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये युक्रेनचे सैन्य वेगाने पुढे सरकत असताना, नुकत्याच मुक्त केलेल्या भागांत इंटरनेट चालत नसल्याच्या तक्रारी आल्या. ज्या सैनिकाने गाव परत मिळवले, त्याचाच संपर्क त्या गावात तुटावा, यापरते दुर्दैव नाही. रेघ ओढायचीच असेल, तर ती केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून सरकेल हे आधी ठरवावे.

यानंतर संचाच्या हालचालीकडे पाहावे. रशियाने ड्रोनवरच संच बसवायला सुरुवात केल्यावर जॅमिंगचा, म्हणजे रेडिओ लहरींत अडथळा आणून संपर्क तोडण्याचा, उपाय तोकडा पडू लागला, कारण वर आकाशाकडे रोखलेल्या अँटेनाचा दुवा जमिनीवरून तोडणे कठीण असते आणि चालक शेकडो किलोमीटर दूर बसून थेट चित्र पाहत लक्ष्य गाठू शकतो. २०२६ च्या सुरुवातीला युक्रेनवर ताशी सुमारे ७५ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या संचांची सेवा रोखण्याचा तातडीचा उपाय लागू झाला. असा उपाय काही तासांत अमलात आणता येतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र वेगाने जाणारी आपली वाहने आणि आपली ड्रोनही त्यात सापडतात, म्हणून तो कायमचा मानू नये. खरा उपाय तयार होईपर्यंत वेळ मिळवण्यासाठीच तो वापरावा.

खरा उपाय म्हणजे मान्य संचांची यादी. शत्रूचे संच शोधून एकेक बंद करण्याऐवजी नोंद नसलेला प्रत्येक संच बंद करावा. फेब्रुवारी २०२६ मध्ये युक्रेनने हेच केले: नागरिकांनी प्रशासकीय सेवा केंद्रात जाऊन, व्यावसायिकांनी ‘दिया’ या सरकारी पोर्टलवरून आणि सैन्याने स्वतंत्र बंदिस्त मार्गाने नोंदणी करावी, अशी व्यवस्था केली. सैन्याचा मार्ग वेगळा ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण कोणत्या तुकडीकडे किती संच आहेत ही माहिती शत्रूसाठी संचांइतकीच मोलाची असते. यादी लागू करण्याआधी तुकड्यांना मुदत द्यावी, ती वारंवार सांगावी, आणि पहिल्या दिवशी चुकून बंद पडलेले संच लगेच सुरू करणारा माणूस रात्रंदिवस बसवावा.

यादी आली की शत्रू यादीत शिरण्याचा मार्ग शोधतो. युद्धकैद्यांच्या कुटुंबीयांना धमकावून त्यांच्या नावावर संच नोंदवून घेण्याचे प्रयत्न रशियाकडून होत असल्याचा इशारा युक्रेनच्या यंत्रणांनी दिला. ज्या आईचा मुलगा शत्रूच्या कैदेत आहे, तिला केवळ शिक्षेची भीती दाखवणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही. एका व्यक्तीच्या नावावरील संचांची संख्या मर्यादित ठेवावी, प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह धरावा, आणि धमकी आल्यास गुन्हेगार न ठरता कळवता येईल अशी जागा त्यांना उपलब्ध करून द्यावी.

सेवेची कळ अखेर कंपनीच्या हाती असते, म्हणून करार शांततेच्या काळातच करावा. संच तोडण्याची विनंती कोण करू शकतो, ती किती वेळात पाळली जाईल, चूक झाल्यास सेवा कशी परत मिळेल, हे त्यात स्पष्ट असावे. दुसरा मार्गही हाताशी ठेवावा. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकची सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली, तेव्हा युक्रेनच्या आघाडीवरही तिची झळ पोहोचली.

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपूरमध्ये शस्त्रांसोबत स्टारलिंकचे चिन्ह असलेला संच सापडला. आमची सेवा भारतावर बंद आहे, असे मस्क यांनी त्यावर सांगितले. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने घातलेल्या अटींत सीमेपासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यावर विशेष देखरेखीची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांसाठी स्टारलिंकशी इरादापत्र केले. तेथील शाळा आणि आरोग्य केंद्रांत संच बसतील तेव्हाच प्रत्येकाचा क्रमांक, ठिकाण आणि जबाबदार कर्मचारी नोंदवून घ्यावा, आणि संच हरवला तर त्याच दिवशी कळवून तो बंद करून घेण्याचा सराव वर्षातून एकदा तरी करावा.