ऑनलाइन दुकानाचं होस्टिंग कधी वाढवायचं? मोठा प्लॅन घ्यायच्या आधी एवढं बघून घ्या

इंदूरमधे आता लौंग सेव विकणाऱ्यापासून माहेश्वरी साड्यांवाल्यापर्यंत ज्याची त्याची वेबसाइट आहे आणि राखी जवळ आली की सगळ्यांचं एकच सुरू होतं, साइट स्लो झालीय, मोठा प्लॅन घेऊन टाकू का? होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट भाड्यानं ठेवलीय त्याला, विचाराल तर तो घ्याच म्हणणार, त्याचं पोट त्यावरच आहे. मी म्हणतो आधी हे बघा की स्लो नेमकं काय आहे. होमपेज आणि फोटो हळू उघडत असतील तर दोष बहुतेक वेळा आपल्याच साइटचा असतो, पण कार्ट आणि चेकआउट अडकतंय आणि तेही बरोब्बर गर्दीच्या वेळी, तर मग खिशात हात घालायची वेळ आली. हे सगळं वर्डप्रेस-वूकॉमर्सवाल्यांसाठी, म्हणजे वर्डप्रेसवर दुकानाचं प्लगइन टाकून साइट चालवणाऱ्यांसाठी लिहितोय, शॉपिफायवर असाल तर सर्व्हर त्यांचा, तुम्ही निवांत झोपा.

हा फरक का पडतो ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं. प्रॉडक्टचं पान एकदा बनवून कॅशमधे, म्हणजे तयार पानांच्या साठ्यात, ठेवलं की तेच हजार लोकांना दाखवता येतं, सर्व्हरला फारसं काही करावं लागत नाही. कार्ट, चेकआउट, माय अकाउंट ही पानं मात्र प्रत्येकाची वेगळी, ती कॅश करायचीच नसतात, नाहीतर एकाचं कार्ट दुसऱ्याला दिसायचं. अशा प्रत्येक रिक्वेस्टला एक पीएचपी वर्कर लागतो, म्हणजे सर्व्हरवर बसून पान बनवून देणारा गडी, एका वेळी एकच काम करणारा. सणाच्या आदल्या दिवशी नमकीनच्या दुकानात काउंटरवर चारच पोरं असली की गोदामात कितीही माल असू दे, लाइन रस्त्यावर येणारच, तसंच हे. चार वर्कर आणि एका रिक्वेस्टला २ सेकंद, म्हणजे सेकंदाला फक्त २ रिक्वेस्ट निपटतात. आणि चेकआउटला एक गिऱ्हाईक एकच रिक्वेस्ट करत नाही हो, पिनकोड टाकला की शिपिंगचा हिशोब, कूपन लावलं की परत हिशोब, डिलिव्हरीचा पर्याय बदलला की परत. म्हणून रील व्हायरल होऊन दोन हजार लोकं साडी बघून गेली तरी साधं होस्टिंग टिकू शकतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर 'आज रात्री ८ ते ९ कूपन' टाकलं की शंभर लोकांतच बसतं.

आता मोजायचं कसं. इनकॉग्निटो विंडो उघडा, लॉगिन करू नका, एक वस्तू कार्टमधे टाका आणि चेकआउटपर्यंत जा. क्रोममधे एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा आणि सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक करा, तिथे 'टायमिंग'मधे 'वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स' असा आकडा दिसतो. गूगलच्या हिशोबात सर्व्हरचं पहिलं उत्तर ०.८ सेकंदाच्या आत आलं तर ठीक, १.८ च्या वर गेलं तर वाईट. हेच एकदा सकाळी सहाला करा आणि एकदा रात्री नऊला. दोन्ही वेळी सारखंच स्लो असेल तर बहुतेक कुठलंतरी प्लगइन किंवा थीम जड आहे, सकाळी छान आणि रात्री रडतंय तर सर्व्हर कमी पडतोय, मग ती गर्दी तुमची असो की त्याच सर्व्हरवरच्या शेजाऱ्याची.

मग सीपॅनलमधे, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधे, 'रिसोर्स युसेज' उघडा. बऱ्याच शेअर्ड होस्टिंगमधे (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात ते) हे असतं पण कोणी ढुंकून बघत नाही. सीपीयू, मेमरी, एंट्री प्रोसेसेस (एकाच वेळी चालू असलेल्या रिक्वेस्ट) यांचे ग्राफ दिसतात आणि लिमिटला धडकलात की फॉल्ट नोंदवला जातो. साइटवर ५०८ किंवा ५०३ एरर येत असेल तर त्याचं मूळ अनेकदा इथेच सापडतं. खरी गंमत फॉल्टच्या वेळेत आहे. फॉल्ट आणि ऑर्डरी एकाच वेळी वाढतायत, तर अपग्रेड करा, डोकं खाऊ नका. पण ऑर्डर एक नाही आणि सीपीयू फुल्ल, तर ते बॉट असतात, लॉगिनच्या पानावर पासवर्ड ठोकत बसलेले, किंवा बॅकअप चालू असतो. बॅकअपची एक मजा बघा, तुम्ही पहाटे ३ ची वेळ लावता पण सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर असला तर आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, म्हणजे लोकं चहा पीत मोबाइल बघतायत आणि तुमची साइट स्वतःचीच झिप बनवण्यात बिझी. यासाठी नवा प्लॅन घेणं म्हणजे पैसे नाल्यात.

आणखी एक खूण, माझ्या मते सगळ्यात पक्की. 'भिया पैसा कट गया, ऑर्डर नी आया' असे मेसेज गर्दीच्या दिवशीच यायला लागले तर समजा पेमेंट गेटवेनं पैसे झाल्याचा निरोप पाठवला तेव्हा तुमचा सर्व्हर उत्तर द्यायच्या अवस्थेतच नव्हता. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकचे, म्हणजे याच निरोपांचे, लॉग बघा, टाइमआउट दिसले तर अजिबात थांबू नका, कारण इथे नुसती विक्री जात नाही, विश्वास जातो.

पैसे देण्याआधी एक संध्याकाळ साफसफाईला द्या. फोनमधून काढलेले ५ एमबीचे साडीचे फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमधे करून लहान करा, पीएचपीचं व्हर्जन जुनं असेल तर नवं लावा पण आधी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या कॉपीवर, बघून, टूल्समधे साइट हेल्थ उघडा, ऑटोलोडचा डेटा (दर पानासोबत लोड होणाऱ्या सेटिंग्ज) ८०० केबीच्या वर गेला असेल तर वर्डप्रेस स्वतःच सांगतं. क्वेरी मॉनिटर हे प्लगइन लावून कुठलं प्लगइन डेटाबेसला छळतंय ते शोधा. एवढं करून चेकआउट सुधारलं तर यंदाची दिवाळी आहे त्याच प्लॅनवर निघून जाईल.

नाही सुधारलं तर काय घ्यायचं? त्याच कंपनीचा वरचा शेअर्ड प्लॅन घेताना जपून, त्यात बरेचदा डिस्क वाढते, 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं आणि वर्कर तेवढेच. सरळ विचारा की सीपीयू कोर किती, रॅम किती, पीएचपी वर्कर किती, आणि उत्तर गोलगोल आलं तर सोडा तो नाद. अनमॅनेज्ड व्हीपीएस, म्हणजे स्वतःच सांभाळायचा आपला वेगळा सर्व्हर, स्वस्त दिसतो पण रात्री दोनला डेटाबेस पडला तर उठणार कोण? घरात लिनक्स येणारा भाचा नसेल तर मॅनेज्डच, म्हणजे कंपनीनं सांभाळायचा, घ्या. गिऱ्हाईक भारतातलं असेल तर डेटासेंटर मुंबईचं बघा, अमेरिकेच्या सर्व्हरला नुसत्या एका फेरीला २०० मिलिसेकंदांच्या वर जातात. आणि रिन्यूअलचा रेट आधी विचारा, पहिल्या वर्षाची किंमत हे नुसतं आमिष असतं.

हलवायचं ते दिवाळीच्या किमान महिनाभर आधी, सणाच्या आठवड्यात बिलकुल नाही. एक दिवस आधी डीएनएसचा (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदींचा) टीटीएल ३०० सेकंद करा, म्हणजे नवा पत्ता लवकर पसरतो, नव्या सर्व्हरवर कॉपी टाकून आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमधे नवा पत्ता लिहून आपल्यापुरती उघडा, एक खरी ऑर्डर खऱ्या पैशांनी करून बघा. ईमेल जुन्याच होस्टिंगवर असेल तर एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे जायचे ते सांगणारी नोंद, विसरू नका, नाहीतर साइट चालते आणि मेल गायब. शेवटचा डेटाबेस हलवताना दुकान मेंटेनन्सवर टाका, नाहीतर मधल्या वेळातल्या ऑर्डरी जुन्याच सर्व्हरवर राहून जातात. वेळ निवडताना आपल्या ऑर्डरींच्या वेळा काढून बघा, रात्र म्हणजे शांत असं धरून चालू नका, आपल्याकडचं गिऱ्हाईक सराफ्यातून, रात्रीच्या खाऊबाजारातून, खाऊन घरी आलं की मग मोबाइल उघडतं. जुनी साइट लगेच डिलीट करू नका, पण तिचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, बंद करा, नाहीतर दोन्हीकडून गिऱ्हाइकाला मेल जातील, आणि महिनाभरानं पूर्ण बॅकअप स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून मग ऑटो-रिन्यूअल काढून टाका.